बिनहॉर्नचे भाऊ

भाऊंनी उभ्या आयुष्यात हॉर्न वाजवला नाही. धामणगाव बढे ते मलकापूर या एकाच रस्त्यावर तीस वर्षं प्रवासी गाडी चालवली, रोज तीन खेपा मारल्या, पण हॉर्नला हात लावला नाही. जुन्या जीपच्या हॉर्नची वायर त्यांनी स्वतःच कापून ठेवली होती. वर्षातून एकदा गाडी पासिंगला न्यायची वेळ आली की ती जोडायची, साहेबासमोर एकदा वाजवून दाखवायची आणि परत येताना पहिल्याच टपरीवर चहा पिता पिता पुन्हा कापायची.

"हॉर्न म्हंजे काय हाय मॅडम?" ते एकदा मला म्हणाले. "बाजूले सरक बे, असं म्हणणं हाय थे. आता मी तुम्हाले रस्त्यात असं म्हटलं तं चालन काय?"

चालणार नव्हतं. त्या काळात मला कोणाचं काहीच चालत नसे. मी नाशिककडची. नवऱ्याची बदली धामणगावच्या बँकेत झाली आणि मला नोकरी मिळाली ती मलकापुरात, मुलींच्या शाळेत. सकाळची शाळा, सव्वासातला प्रार्थना. भाऊंची सहाची पहिली खेप चुकली की आमच्या मुख्याध्यापिकाबाई फाटकात उभ्या राहून मनगटावरच्या घड्याळाकडे अशा बघायच्या की माझ्यापेक्षा त्या घड्याळाचीच कीव यावी. त्यामुळे पाच वर्षं माझी रोजची सकाळ भाऊंच्या हातात होती.

भाऊ उंच, वाळके आणि मोठ्या कानांचे होते. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर दसऱ्याला अंगात चढायचा तो होळीनंतरच उतरायचा, मग मध्ये कितीही ऊन पडो. बोलणं कमी. रस्त्यानं येणारी गाडी वळणाआड असतानाच ती कोणाची हे ते सांगायचे. "थ्या सरपंचाची. सायलेन्सर गेलं हाय, अन् सांगत नाही कोणाले." आणि वळणावरून खरोखर सरपंचांची गाडी यायची.

त्यांची स्वतःची जीप पहाटे तीन झटक्यांत सुरू व्हायची. पहिल्या झटक्याला अख्ख्या आळीत चुलीवर चहा चढायचा. दुसऱ्याला आम्ही वेणी घालायचो. तिसऱ्याला चपला. पुढच्या गावांतही हेच. जीप ओढा ओलांडताना जो खडखडाट करी तो ऐकून लोक मेथीच्या जुड्या, वांग्याची पोती, दुधाच्या कॅन घेऊन फाट्यावर येऊन उभे राहत. हॉर्नची गरजच काय होती?

जीपमध्ये छताला एक पिवळा दिवा होता आणि तो अंधार असेपर्यंत सतत चालू असायचा. त्यावरून इतर ड्रायव्हर त्यांची थट्टा करत. भाऊंचा मात्र नियम होता की गाडी थांबली की आत बसलेला प्रत्येक माणूस बाहेरच्याला दिसला पाहिजे. "बाईमाणूस अंधारात गाडीत चढते, तिले आधी कळू द्या ना आत कोण कोण बसलं हाय. तोंड पायल्याबिगर कोणी कोणाजवळ बसाचं नाही." एकदा एक जण तोंडावर मफलर गुंडाळून कोपऱ्यात बसला, तर त्याला मफलर काढायला लावून मगच गाडी पुढे गेली. तो बिचारा दाढदुखीनं हैराण होता. "दुखू दे, पण दिसू दे," भाऊ म्हणाले. त्या दिव्यामुळे त्या रस्त्यावरच्या पोरीबाळी पहाटेच्या खेपेला एकट्या पाठवल्या जायच्या, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

मग दिवाळीची सुट्टी संपता संपता त्यांचा मुलगा आला. तो पुण्यात कंपनीत होता, चांगला होता आणि त्याला बापाची काळजी होती. जीप म्हातारी झाली होती, बापही त्याच वाटेवर होता. बाप आता पुण्याला येऊन घरी बसावा असं मुलाला वाटे. बाप म्हणे, मी घरात बसलो तर आठ दिवसांत मरीन. शेवटी मधला मार्ग निघाला. मुलगा नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला, भाऊ धरून सात जणांची. डिझेलचा धूर नाही, गिअरचा त्रास नाही, कंबर हलत नाही.

"होळीपर्यंत चालवून पाहा बाबा," तो सर्वांसमोर म्हणाला. "पॅसेंजर टिकले तर गाडी तुमची. नाही टिकले तर गाडीही पुण्याला आणि तुम्हीही."

भाऊंनी मान हलवली. जीप गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला चाळीस मिनिटं उशिरा पोचले, कारण गाडी आली कधी आणि गेली कधी ते आळीत कोणालाच कळलं नाही. अख्खी आळी चूल पेटवायची थांबून बसली होती.

तिसऱ्या दिवशी मी पाच वाजल्यापासून दारातच उभी राहिले. गाडी आली. मांजर येतं तशी आली, आणि आतून जांभळी होती. दारांच्या कडेनं, पायाशी, समोरच्या फळीवर जांभळ्या उजेडाच्या रेघा. त्यात भाऊंचा चेहरा आजारी माणसासारखा दिसत होता. पुढच्या गावी दोन भाजीवाल्या बाया चढायलाच तयार होईनात.

"हे काय वं बाई? वरातीची गाडी हाय काय?"

"माय, मी हावो ना!" भाऊ आतून म्हणाले.

"तुम्हीच हा काय? मंग असे निळे काऊन पडले?"

त्या दिवशी दुपारी भाऊ गाडीचं पुस्तक मांडीवर घेऊन बँकेसमोरच्या कट्ट्यावर बसले. पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून माझ्या नवऱ्याला जेवणाच्या सुट्टीत बोलावलं गेलं. रंग बदलता येत होते. हिरवा झाला, लाल झाला, गुलाबी झाला. भाऊंना हवा होता तो मुकाट पिवळा काही त्यात नव्हता. वरचा पांढरा दिवा होता, पण दार लावलं की तो आपोआप हळूहळू विझायचा. याचा भाऊंना फार राग आला. "दार लागल्यावरच तं दिवा पायजे! उघड्या दारात काय, उजेड बाहेरून येते!" शेवटी माझ्या नवऱ्यानं तो कायम चालू ठेवायचं बटण शोधलं, आणि भाऊंनी त्यावर पतंगाचा पिवळा पारदर्शक कागद चिकटवला. रेघा बंद झाल्या. चेहरे पुन्हा माणसांचे झाले. तोंडं दिसायचा प्रश्न मिटला.

आवाजाचा मिटला नाही. भाऊंचं त्या गाडीशी खरं भांडण होतं ते हेच. आत कोणी पट्टा लावला नाही तर ती टिंग टिंग करून जीव खायची, दार नीट लागलं नाही तर वेगळी टिंग टिंग. "घरातल्यायवर ओरडते," भाऊ म्हणत, "अन् रस्त्यावरच्याले मुकी. अशी बाई पायली होती मी, पण गाडी पायली नव्हती."

अगदीच मुकी नव्हती. गाडी हळू चालत असली की पुढच्या बाजूनं एक घूंऽऽ असा आवाज काढायची. चालणाऱ्या माणसांना कळावं म्हणून कंपनीनं तो मुद्दाम ठेवलेला होता. पण आमच्या रस्त्यावर तो आवाज आधीच दुसऱ्याचा होता. ओढ्यापलीकडच्या गावात थांबा आहे तो कडुनिंबाखाली, आणि कडुनिंबाला लागूनच डीपी, म्हणजे वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचे ते दिवस. शेतीची लाइन येईल कधी आणि जाईल कधी याचा नेम नाही, म्हणून पाच-सहा शेतकरी पहाटेपासून तिथे शेकोटी करून डीपीकडे कान देऊन बसलेले असत. लाइन आली, मोटारी लागल्या की डीपी घुमायला लागतो.

भाऊंची गाडी हळूहळू कडुनिंबाखाली आली. घूंऽऽ.

"आली! आली! लाइन आली!" एक जण ओरडला आणि सगळेच्या सगळे उठून आपापल्या विहिरीकडे पळत सुटले. एकानं तर घोंगडी शेकोटीवरच टाकली. आम्ही गाडीतून बघत राहिलो. पाच मिनिटांनी ते एकेक करून परत आले. लाइन नव्हती. तेवढ्यात आमची गाडी निघाली. घूंऽऽ. आणि त्यातले दोघे पुन्हा पळाले.

आठवडाभर हे चाललं. मग गावानं भाऊंना घेरलं. "भाऊ, तुम्ही तं आमची दमछाक करून राह्यले बाप्पा! हा आवाज बदला." मुलानं पुण्याहून चौकशी केली. उत्तर आलं की तो आवाज कंपनीचा आहे, बदलता येत नाही.

मग लोकांनी आपापले उपाय आणले. कोणी म्हणालं, बैलांची घुंगरमाळ बांधा. "अन् शिंगं?" भाऊंनी विचारलं. मुलानं एक छोटा स्पीकर पाठवला. त्याच्यावर गाणं लावून गावात शिरायचं, म्हणजे लोकांना कळेल. धामणगावात हे बरं चाललं. मलकापुरात मात्र भाजीबाजाराच्या अलीकडच्या गल्लीत गाडी वळली आणि घराघरांतून बाया बादल्या घेऊन बाहेर आल्या. तिथली कचऱ्याची गाडीही गाणं वाजवतच यायची. भाऊ काही बोलायच्या आत एकीनं उघड्या डिकीत ओला कचरा ओतलासुद्धा, खाली मेथीच्या जुड्या होत्या. ती मेथीवाली आणि ती कचरेवाली यांच्यात जे झालं ते मी इथे लिहू शकत नाही, मी अजून शिक्षिका आहे. स्पीकर त्याच दिवशी पुण्याला परत गेला.

हसण्यावारी जात होतं, पण गाडी रिकामी होत चालली होती. दुसरा एक तरुण पोरगा त्याच रस्त्यावर टमटम चालवायचा आणि गावाच्या वेशीपासून वेशीपर्यंत हॉर्नवरचा हात काढायचा नाही. लोक त्याच्या गाडीत बसू लागले. संक्रांतीनंतर कितीतरी सकाळी गाडीत आम्ही दोघंच असायचो, भाऊ आणि मी. पिवळ्या उजेडात रिकाम्या सीटा फारच रिकाम्या दिसतात. मी एकदा म्हणालेच, "भाऊ, एवढं काय त्या हॉर्नचं? वाजवा ना. नाहीतर पुण्याला जावं लागेल."

"तिसऱ्या मजल्यावर घर हाय त्याचं," भाऊ म्हणाले. आणि पुढचं वळण घेता घेता, "तिथी मले कोण ओळखते मॅडम?"

हॉर्न मात्र वाजवला नाही. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

मग एके सकाळी, दुसऱ्या गावच्या वळणावर, एक म्हातारी डांबरी रस्त्याच्या मधोमध बसून तुरीच्या शेंगा बडवत होती. पाठ आमच्याकडे. भाऊंनी गाडी तिच्या मागे चार हातांवर थांबवली. दुसऱ्या कोणीही हॉर्न दिला असता. भाऊ उतरले, वळसा घालून तिच्या समोर गेले आणि उकिडवे बसले.

"माय, गाडी आली."

"कुठी?"

"तुमच्या मांगं."

म्हातारीनं वळून पाहिलं आणि केवढी दचकली! "बाई बाई बाई! घूं घूं आलं कानावर, मले वाटलं मधमाशी हाय. अशी कशी आली हो तुमची गाडी, चोरावानी?"

भाऊंचा चेहरा पडला. तीस वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. ते तिला शेंगा बाजूला ओढायला मदत करू लागले, आणि मध्येच त्यांनी विचारलं, "माय, तुमचं नाव काय?"

"मी सुभान्याची माय."

"थे माहीत हाय. तुमचं नाव?"

म्हातारीला थोडा वेळ लागला. "गोदावरी," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवशी त्या वळणाच्या बरंच अलीकडे भाऊंनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि त्या वाळक्या देहातून असा आवाज निघाला की मी सीटवरून उडाले. "ओ गोदावरीबाऽऽई! गाडी आली होऽऽ!"

म्हातारी उठून उभी राहिली. आपल्यालाच बोलावलं आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. मग तिनं शेंगा ओढून घेतल्या आणि जाताना आमच्याकडे बघून हात केला.

तिथून पुढे भाऊ सगळ्यांची नावं विचारत सुटले. बाजाराला कोण जाणार, दवाखान्यात कोणाची तारीख आहे, कॉलेजला कोणती पोरगी जाते, सगळं त्यांना तीस वर्षांचं माहीत होतं. फक्त नावं नव्हती, विशेषतः बायांची. कोणी पिंट्याची माय, कोणी पाटलाची सून, कोणी धाकटी. भाऊ परतीच्या वाटेवर पाढे म्हणावेत तशी नावं घोकायचे, आणि गावात शिरताना काच खाली. "ओ यमुनाबाई, चला! ओ रेखाताई! विठ्ठलराव, जेवाले जाचं हाय नं साडूकडे? चला!" विठ्ठलरावांनी घरी सांगितलं होतं तहसिलीचं काम. त्यांची बायको बाहेर आली. त्यानंतर भाऊ फक्त नाव घेऊ लागले, कारण सांगायचं बंद केलं.

एका सासूबाईंना हे पसंत पडलं नाही. "आमच्या सुनेचं नाव रस्त्यानं घ्याचं काम नाही, भाऊ."

"बरं माय. मंग तुमचं घेतो. उद्यापासून तुम्ही चाला मलकापूरले, मेथी घेऊन."

सासूबाई विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी भाऊंनी आधी सासूचं नाव घेतलं, मग सुनेचं. दोघी दारात आल्या. एक खूश होती म्हणून, दुसरी रागावण्यासाठी, पण सासूबाई रागवायला विसरल्या.

मला मात्र त्यांनी 'मॅडम' म्हणूनच हाक मारली. आमच्या आळीत नर्स मॅडम होत्या, अंगणवाडीच्या मॅडम होत्या. तिघी धावत आलो, दोघी चिडून परत गेल्या. भाऊंनी माझं नाव विचारलं. मी आधी नाही म्हणाले, शिक्षिकेचं नाव असं आळीत कसं घ्यायचं? मग सांगितलं. आणि एके सकाळी अंधारात, मी वेणी घालत असताना, बाहेरून माझं नाव मोठ्यानं ऐकू आलं, मागे 'ताई' लावून. माहेर सुटल्यापासून माझं नाव इतक्या लांबून, इतक्या हक्कानं कोणी घेतलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, गाडी आली."

टमटमवाला हॉर्न वाजवत राहिला. लोक मात्र दारात थांबून राहू लागले, आपलं नाव यायची वाट बघत.

होळीच्या चार दिवस आधी मुलगा आला. म्हणाला, उद्या पहिल्या खेपेला मी सोबत बसतो, मग ठरवू. आणि भाऊंनी आदल्या दुपारी मलकापुरात बर्फ घातलेला उसाचा रस प्यायला होता. सकाळी मी गाडीत बसले तेव्हा मुलगा पुढे बसला होता, मांडीवर बॅग, आणि भाऊंच्या गळ्यातून नुसती हवा येत होती.

"बोलू नका," मी म्हणाले.

"हाक..." भाऊ पुटपुटले. त्यांचे डोळे मला बघवेनात.

पहिल्या गावात गाडी शिरली. कोणी नाही. दारं बंद. भाऊंनी काच खाली केली, तोंड उघडलं, काही निघालं नाही. मुलानं घड्याळाकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त जे दिसत होतं ते दिसत होतं.

मी माझी काच खाली केली. पन्नास मुलींच्या वर्गावर ओरडून कमावलेला माझा आवाज त्यापूर्वी असा कशाच्या कामी आला नव्हता. "ओ यमुनाबाऽऽई! रेखाताऽऽई! चला होऽऽ!" नावं मला पाठ आहेत हे मलाही तेव्हाच कळलं. यमुनाबाई धावत आल्या. "भाऊले काय झालं वं?" मी सांगितलं. झालं, पुढच्या गावात यमुनाबाईंनी मान बाहेर काढली, त्यापुढच्या गावात रेखाताईंनी. ज्या एकमेकींना कधी नावानं हाक मारत नव्हत्या, त्या बाया त्या सकाळी एकमेकींची नावं घेऊन घसा कोरडा करत होत्या आणि हसत होत्या. डीपीखालून एक जण आला. गाडी भरली. भाऊ समोर बघून चालवत होते आणि त्यांचे मोठे कान लाल झाले होते.

मलकापूरच्या अलीकडच्या शेवटच्या फाट्यावर एक बाई वांग्याचं पोतं घेऊन उभी होती. गाडी थांबली. तिनं वाकून पिवळ्या उजेडात एकेक चेहरा पाहिला. सगळे ओळखीचे. पण जागा नव्हती.

भाऊंनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "उतर."

"मी?" मुलगा म्हणाला. "बाबा, मी?"

"तिचा बाजार बुडन," भाऊ कसेबसे म्हणाले.

मुलगा आमच्याकडे बघत राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो आणि आमच्यापैकी कोणालाही त्याची दया येत नव्हती. मग तो हसायला लागला. पट्टा सोडला, गाडी टिंग टिंग करू लागली, आणि तो बॅग घेऊन खाली उतरला. बाई त्याच्या जागी बसली. आता ही गाडी पुण्याला जात नाही, हे तेव्हा कोणी कोणाला सांगायची गरज उरली नाही.

गाडी निघाली तसा तो मागून ओरडला, "अहो बाबा, पण मग मी कसा येऊ?"

भाऊ माझ्याकडे वळून काहीतरी पुटपुटले. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला.

"दुसऱ्या खेपेला! इथंच थांब म्हणतात, नावानं हाक मारतील!"